हिवाळ्यात बुडापेस्ट, पाठीवर सॅक आणि मोजके पैसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगेरीच्या राजधानीत मी दोन हिवाळे काढले: एकदा डिसेंबरच्या अखेरीस आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारीत. परतल्यापासून मित्र, चुलतभावंडं आणि त्यांचे मित्र तेच तेच प्रश्न विचारत आले आहेत. उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. माझं एक म्हणणं सगळ्या उत्तरांत येईल: या शहरात हिवाळ्यात पैशाइतक्याच जपून वापरायच्या दोन गोष्टी म्हणजे उजेड आणि ऊब.

इतक्या थंडीत कशाला जायचं? उन्हाळ्यात का नाही?

नवीन वर्षाची गर्दी ओसरली की जानेवारी-फेब्रुवारीत विमानाची तिकिटं आणि हॉस्टेलची खाट, दोन्ही उतरतात. उन्हाळ्यात जिथे फोटोसाठी रांग लागते, तिथे तुम्ही सकाळी एकटे उभे असता. पण माझ्यासाठी खरं कारण वेगळं आहे. या शहराच्या पोटात शंभराहून जास्त गरम पाण्याचे झरे आहेत. हवा शून्याखाली आणि आपण गळ्यापर्यंत गरम पाण्यात, हे सुख जुलैत मिळत नाही.

नेमका कोणता महिना?

पैसे कमी असतील तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर. ख्रिसमसच्या बाजारासाठी जायचं असेल तर नोव्हेंबरचा शेवट किंवा डिसेंबरचा पहिला आठवडा गाठा. २० डिसेंबर ते २ जानेवारी सगळंच महाग असतं. डिसेंबरअखेर सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आधीच मावळतो. फेब्रुवारीच्या शेवटी तोच संध्याकाळी सव्वापाचपर्यंत साथ देतो. चालत फिरणाऱ्याला हा सव्वा तास फार मोलाचा असतो.

व्हिसा कोणता लागतो?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. हंगेरी २००७ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. सगळ्यात जास्त रात्री हंगेरीत काढणार असाल तर अर्ज हंगेरीकडेच करायचा. फी ९० युरो आहे, शिवाय व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाखर्च. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि निदान १५ दिवस आधी तो द्यावा लागतो. पण शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, कारण कधी कधी निर्णयाला ४५ दिवसही लागतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

बजेट प्रवाशांचे अर्ज बहुतेक वेळा बँकेच्या कागदांवर अडखळतात. अर्जाच्या आठवडाभर आधी काकांकडून लाखभर रुपये खात्यात आले, तर ते लगेच दिसतं. त्यापेक्षा सहा महिन्यांचं साधं, सरळ स्टेटमेंट बरं. सोबत पगाराच्या पावत्या, आयकर विवरण आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र. हॉस्टेलचं बुकिंग रद्द करता येण्याजोगं घ्या. आता सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये पुरेसा वेळ ठेवा.

दिवसाला किती खर्च येतो?

फेब्रुवारीत खाट, दोन जेवणं, ट्रामचा पास आणि एखादं तिकीट धरून माझा खर्च रोज चाळीस युरोंच्या आत राहिला. गरम कुंडाचा, म्हणजे झऱ्याच्या पाण्याच्या स्नानगृहाचा, दिवस वेगळा धरायचा. त्या दिवशी हात आखडता घेऊ नका. बचत करायची तर खाटेवर, कॉफीवर आणि बाजारातल्या दिखाऊ खाण्यावर करा. कुंडावर आणि बुटांवर नको.

पैसे युरोत न्यायचे की फोरिंटमध्ये?

देशाचं चलन फोरिंट आहे. ढोबळ हिशेबासाठी फोरिंटच्या आकड्याला चारने भागा, रुपये मिळतात. काही दुकानदार युरो घेतात, पण त्यांच्या दराने, आणि तो दर तुमच्या सोयीचा नसतो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. मंडईतल्या आजीबाईंकडून अक्रोड घ्यायला मात्र थोडी रोकड लागते.

एटीएम बँकेच्या शाखेच्या भिंतीतलंच वापरा. पर्यटकांच्या रस्त्यांवर उभी असलेली भडक रंगाची यंत्रं टाळा. यंत्राने किंवा दुकानातल्या मशीनने ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि फोरिंटच निवडा. हॉटेलच्या बिलात दहा-पंधरा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं. ते पाहून मगच वर काही ठेवायचं की नाही ते ठरवा.

विमानतळावरून शहरात स्वस्तात कसं यायचं?

१००ई ही बस थेट देआक चौकात आणून सोडते, पण तिला वेगळं, महाग तिकीट लागतं आणि साधा पास तिच्यात चालत नाही. २००ई बसने कोबान्या-किश्पेश्टपर्यंत जाऊन तिथून तिसऱ्या क्रमांकाची मेट्रो घेतली की साधी तिकिटं किंवा पास पुरतो. वेळ थोडा जास्त जातो. मध्यरात्रीनंतर उतरलात तर ९०० क्रमांकाची रात्रबस आहे.

शहरात फिरायला पास घ्यावा का?

तीन दिवस असाल तर ७२ तासांचा घ्याच. थंडीत पास म्हणजे ऊब विकत घेणं. पाय गारठले की समोर येईल त्या ट्राममध्ये चढायचं, चार थांबे बसायचं आणि उतरायचं. २ नंबरची ट्राम पेश्टच्या, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या, बाजूने डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने जाते. खिडकीतून किल्ला, साखळीपूल आणि संसद असं सगळं दिसतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर मी ती दोन्ही टोकांपर्यंत फिरून यायचो. ६ नंबरची ट्राम रात्रभर चालते.

पहिल्या क्रमांकाची पिवळी मेट्रो १८९६ मधली आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी. तिची स्टेशनं इतकी उथळ आहेत की रस्त्यावरून दहा-पंधरा सेकंदांत फलाटावर पोचता. सुटं तिकीट घेतलं तर यंत्रात छापून घ्यायला विसरू नका. तपासनीस स्टेशनच्या दारातच उभे असतात आणि पर्यटक आहे म्हणून दंड माफ करत नाहीत.

हॉस्टेल कुठल्या भागात घ्यावं?

शहराच्या भागांना इथे क्रमांकाचे जिल्हे म्हणतात. सातव्या जिल्ह्यात, म्हणजे एर्झेबेटवारोशमध्ये, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्वस्त हॉस्टेलं आहेत. जुन्या पडक्या वाड्यांमधली प्रसिद्ध मद्यालयंही तिथेच आहेत, म्हणून रात्री तीनपर्यंत आवाज. पहिल्या खेपेला मी अशाच एका हॉस्टेलात चार रात्री जवळजवळ जागून काढल्या. दिवसाचा उजेड आठ तासांचा आणि त्यातले तीन झोपेत गेले. म्हणून दुसऱ्यांदा आठव्या जिल्ह्यात, नॅशनल म्युझियमच्या मागच्या बाजूला राहिलो. तिथून चालत सगळं जवळ आणि रात्री शांतता.

बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा: स्वयंपाकघर आहे का, खोलीतला हीटर रात्रभर चालतो का, आणि ओले कपडे वाळत घालायला जागा आहे का. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. पण कुंडावरून आणलेला ओला टॉवेल आणि पोहण्याचे कपडे घेऊन आठ जणांच्या खोलीत उभे राहिलात की तो आठवेल. भाड्यावर शहराचा पर्यटन कर बहुतेक वेळा वेगळा लागतो.

कपडे काय न्यायचे? स्वेटर पुरेल का?

आपल्याकडचा जाड स्वेटर एकटा उपयोगाचा नाही. जानेवारीत दिवसाचं तापमान शून्य ते चार अंशांच्या आसपास आणि रात्री त्याखाली. नदीवरून वारा सुटला की आकड्यापेक्षा थंडी जास्त वाजते. उलट ट्राम, दुकानं, संग्रहालयं आतून इतकी तापवलेली असतात की पाच मिनिटांत घाम फुटतो. म्हणून कपडे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हवेत: अंगालगत थर्मल, त्यावर पातळ लोकरीचं किंवा फ्लीस आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं जाकीट. आत शिरलं की काढायचं, बाहेर पडताना चढवायचं. अंगालगत सुती बनियन घालू नका. घामाने भिजला की तो बाहेर गार पडतो आणि तीच थंडी बाधते.

बुटांवर पैसे घाला. पाणी न शिरणारे आणि तळ न घसरणारे हवेत. किल्ल्याच्या टेकडीवरच्या दगडी फरशीवर रात्री पाणी गोठून पातळ काच होते, ती डोळ्यांना दिसत नाही. दोन जोड्या लोकरी पायमोजे, कानटोपी, मफलर आणि फोन चालवता येईल असे हातमोजे घ्या. ओठ आणि टाचा फुटतात, तेव्हा व्हॅसलीनची डबी खिशात ठेवा. हे सगळं पुण्या-मुंबईतल्या खेळाच्या दुकानांत मिळतं. ट्रेकिंग करणाऱ्या मित्राकडे मागितलं तर निम्मं सामान विकतही घ्यावं लागणार नाही.

शाकाहारी माणसाचं काय होईल?

नीट होईल, पण शब्द शिकून गेलात तर. हंगेरियन स्वयंपाकात डुकराची चरबी सढळ हाताने पडते. पोगाचा नावाचे छोटे खारे पाव दिसायला निरुपद्रवी, पण त्यांच्या एका प्रकारात चरबीचे तळलेले तुकडे असतात. भाजीचं सूपही बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. ‘हूश नेल्क्युल’ म्हणजे मांसाशिवाय आणि ‘झीर नेल्क्युल’ म्हणजे चरबीशिवाय. हे दोन्ही विचारायचं.

आता चांगली बातमी. फोझेलेक नावाचा इथला घरगुती पदार्थ म्हणजे आपल्या पातळ भाजीचा दूरचा नातेवाईक. पालक, मटार, बटाटा, लाल भोपळा किंवा मसूर शिजवून, पीठ लावून दाट करतात आणि वर आंबट साय. सोबत मांसाचा तुकडा किंवा अंडं हवं का, ते वेगळं विचारतात. नको म्हणा. मसुराचं फोझेलेक नवीन वर्षाच्या दिवशी आवर्जून खातात, कारण मसुराचे दाणे नाण्यांसारखे, म्हणजे वर्षभर पैसा. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ती वाटी धरली तेव्हा मला आईच्या मसुराच्या आमटीचीच आठवण झाली, फक्त गोडा मसाला नव्हता.

लांगोश म्हणजे तळलेली मोठी पुरी, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक खाल्ला की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. बाजार भरलेल्या चौकांत किंवा मोठ्या मंडईच्या वरच्या मजल्यावर तो महाग असतो. वस्तीतल्या छोट्या मंडईत तोच बराच स्वस्त आणि गरम मिळतो. लाकडी दांड्यावर गुंडाळून भाजलेली क्युर्तोशकालाच ही पोकळ गोड पोळी दोघांत एक पुरे.

मांसाहारी असाल तर गुयाश घ्या. परदेशात त्याचा घट्ट रस्सा करतात, पण इथे ते पातळ सूपच असतं. सोमवार ते शुक्रवार दुपारी साध्या खाणावळींत ‘नपि मेन्यू’ मिळतो. ठरलेल्या पैशांत सूप आणि मुख्य पदार्थ. दिवसाचं मोठं जेवण तेव्हाच उरका आणि रात्री हॉस्टेलात काहीतरी शिजवा.

घरून खायला काय नेता येईल?

मेतकूट, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी, भाकरवडी, चिक्की, पोहे. युरोपीय संघात बाहेरून येताना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून तूप, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि आंबाही नको. तांदूळ, डाळी तिथल्या साध्या सुपरमार्केटात मिळतात. दोन्ही खेपांना आठ दिवसांतल्या निम्म्या रात्री माझं जेवण मेतकूट-भात हेच होतं. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

गरम कुंडांपैकी कुठलं निवडायचं?

सेचेनी सगळ्यात प्रसिद्ध आणि महाग. १९१३ मध्ये उघडलेला पिवळा महाल आणि त्याच्या अंगणात उघड्यावरचे तलाव. पाण्यावर वाफेचं धुकं, त्यात म्हातारे आजोबा छातीभर पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळत असतात. तिकीट दहा हजार फोरिंटांच्या बरंच वर गेलं आहे. एकदाच जाणार असाल तर इथेच जा, तेही कामाच्या दिवशी आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी, म्हणजे उजेड आणि दिवे दोन्ही मिळतात.

दुसऱ्यांदा जायचं असेल तर लुकाच. शहरातली वयस्कर मंडळी सांधेदुखीसाठी तिथे येतात. त्याच्या अंगणातल्या भिंतींवर बऱ्या झालेल्या रुग्णांनी लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत, वेगवेगळ्या भाषांतल्या. आपल्याकडे देवळात नवस फेडल्याची घंटा बांधतात, तसा भाव. तिकीट सेचेनीपेक्षा बरंच कमी आणि गलका नाही. मला तेच जास्त आवडलं.

रुदाश हे १६व्या शतकातलं, ऑटोमन तुर्कांच्या राजवटीतलं. दगडी घुमटाखाली अष्टकोनी कुंड आणि घुमटातल्या छोट्या काचांतून पडणारा उजेड. आठवड्यातले काही दिवस फक्त पुरुषांसाठी, एक फक्त बायकांसाठी आणि शनिवार-रविवार सगळ्यांसाठी असे वार ठरलेले असतात, ते पाहूनच निघा. गेल्लेर्ट २०२५ च्या ऑक्टोबरपासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे.

सोबत टॉवेल, स्लिपर, पोहण्याचे कपडे आणि टोपी न्या. पोहण्याच्या तलावात टोपी लागतेच आणि तिथे घेतली तर महाग पडते. दर वीस मिनिटांनी बाहेर या, पाणी प्या. निघताना केस पूर्ण कोरडे करा. ओल्या केसांनी बाहेर पडून माझी सोबतीण तीन दिवस तापाने झोपून होती.

फुकटात काय पाहता येतं?

बरंच. मच्छीमार बुरुजाच्या खालच्या गच्च्या फुकट आहेत आणि तिथून नदीपलीकडची संसद समोर दिसते. संसदेच्या घुमटाची उंची ९६ मीटर, बॅसिलिका या मोठ्या चर्चचीही ९६. मग्यार, म्हणजे हंगेरियन लोकांच्या, टोळ्या या खोऱ्यात आल्या ते साल ८९६ मानतात, त्याची ती खूण. गेल्लेर्ट टेकडी चढून जा, नदीतल्या मार्गरेट बेटावर चाला.

संसदेपासून थोडं दक्षिणेला नदीच्या काठावर लोखंडी बुटांच्या साठ जोड्या ठेवल्या आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन नाझी पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत पाडलं. बूट तेव्हा किमती वस्तू होती. उन्हाळ्यात हे स्मारक पाहणं आणि जानेवारीत, स्वतःच्या तळव्यांना दगडाचा गारठा जाणवत असताना पाहणं, यांत फार फरक आहे. तिथे बुटांत पाय घालून फोटो काढणारी माणसं मी पाहिली. कृपा करून तसं करू नका.

पेश्टच्या जुन्या इमारतींवर कधी कधी पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाट्या दिसतील. १८३८ च्या मार्चमध्ये डॅन्यूबवर बर्फाचे बांध तयार झाले आणि शहर पाण्याखाली गेलं. काही पाट्या डोक्याच्याही वर आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची. अमृता शेर-गिल यांचा जन्म याच शहरातला, ३० जानेवारी १९१३ चा. आई हंगेरियन. त्यांच्या चित्रांतल्या हिवाळी राखाडी रंगाचं मूळ मला या रस्त्यांवर फिरताना कळल्यासारखं वाटलं.

ख्रिसमसला सगळं बंद असतं का?

२४ डिसेंबरची दुपार लक्षात ठेवा. त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि चारच्या सुमारास ट्राम-बसही जवळजवळ थांबतात. मला हे माहीत नव्हतं. मी त्याच संध्याकाळी स्टेशनवर उतरलो, बारा किलोची सॅक पाठीवर घेऊन अंधारात पाऊण तास चाललो, आणि रात्री चिक्की-भाकरवडीवर राहिलो. २५ आणि २६ लाही दुकानं उघडत नाहीत. २३ ला तीन दिवसांचं सामान भरून ठेवा.

एकट्या मुलीने जावं का?

माझी मावसबहीण फेब्रुवारीत एकटी दहा दिवस राहून आली. रात्री दहाला ट्रामने परतताना तिला कधी भीती वाटली नाही. तिने बायकांची वेगळी खोली घेतली होती. गर्दीच्या ट्राममध्ये पाकीट सांभाळा. वात्सी रस्त्याच्या आसपास अनोळखी माणसं गोड बोलून ‘चला, छान बार आहे’ म्हणाली तर जाऊ नका, हे पुरुषांनाच जास्त सांगायला हवं. तिथे बिल हजारो फोरिंटांनी फुगवलेलं येतं. टॅक्सी पिवळीच असते आणि दर ठरलेले असतात. तातडीच्या मदतीला ११२.

बर्फ नक्की पडेल का?

खात्री नाही. पडला तरी शहरात फार टिकत नाही. बहुतेक दिवस करडे आणि धुक्याचे असतात. बर्फावर चालायचंच असेल तर वारोशलिगेत उद्यानातलं उघड्यावरचं स्केटिंगचं मैदान आहे, १८७० पासूनचं. मागे वाय्दाहुन्याद किल्ल्याचे दिवे. स्केट भाड्याने मिळतात.

दिवसभर धुकं असेल तर कुठे बसायचं?

सार्वजनिक ग्रंथालयाची मुख्य शाखा एका जुन्या वेन्कहाइम महालात आहे. थोड्या पैशांत बाहेरच्यांनाही आत जाता येतं. लाकडी कोरीव जिने, झुंबरं, आणि शेजारी परीक्षेची तयारी करणारी पोरं. आवाज करू नका. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात.

एक दिवस बाहेर जायचं तर?

सेन्तेन्द्रे हे जवळचं छोटं गाव. बात्यानी चौकातून उपनगरी गाडीने चाळीस मिनिटं. व्हिएन्ना रेल्वेने पावणेतीन तासांवर आहे, पण तिथे एका कॉफीचे पैसे पाहून पोट दुखतं. एका दिवसासाठी मी नाही सुचवणार.

भाषा अजिबात कळत नाही, चालेल?

तरुणांना इंग्रजी येतं. मंडईत बोटं दाखवून भागतं. ‘कोसोनोम’ म्हणजे धन्यवाद, तेवढं म्हणा, चेहरे उजळतात. लिहिलेला ‘एस’ श उच्चारतात, म्हणून तिथे शहराचं नाव बुडापेश्ट. आणि नाव सांगताना आडनाव आधी, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. हॉस्टेलच्या फॉर्मवर दोन्ही रकाने नीट वाचून भरा, नाहीतर पासपोर्टशी नाव जुळत नाही आणि आणखी दहा मिनिटं दारात, गारठ्यात उभं राहावं लागतं.